पहाटे पाचची सवय कुणाची?

गेल्या पावसाळ्यात एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं. विषय होता ‘विद्यार्थी आणि आरोग्यदायी सवयी’. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. ट्रॉम्बेत वाढलो, बी.कॉम. केलं, आता वाशीच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. मला बोलावण्याचं कारण एवढंच, की गेली अकरा वर्षं मी पहाटे पाचला उठून धावतो आणि अधूनमधून त्याचे फोटो स्टेटसला टाकतो. त्या कॉलेजात शिकवणाऱ्या एका मित्राला वाटलं, आपल्या पोरांसमोर हे उदाहरण ठेवावं.

मी पीपीटी करून नेली. सात-आठ तास झोप. दिवसाला आठ-दहा ग्लास पाणी. आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम. हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा. घरचा डबा. झोपायच्या आधी तासभर मोबाइल लांब. आणि शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत : ‘वेळ नाही हे कारण नसतं, बहाणा असतो.’

टाळ्या पडल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर नेहमीसारखी शांतता पसरली. शेवटी तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. म्हणाली, “सर, मी सकाळी सहाला घर सोडते ते दुपारी तीनला परत येते. मधे पाणी पीत नाही. मुद्दाम पीत नाही. प्यायलं तर जायचं कुठे?”

मागच्या रांगेतल्या काही मुली हसल्या. चेष्टेचं हसू नव्हतं ते. आपल्या मनातलं कुणीतरी बोलून टाकल्यावर येतं तसं होतं.

“कॉलेजात टॉयलेट नाही का?” मी विचारलं.

“आहे ना सर,” ती म्हणाली. “आहे म्हणजे, आहे.”

एवढं बोलून ती खाली बसली. मी काहीतरी गुळमुळीत बोललो, आभारप्रदर्शन झालं, चहा-बिस्किटं झाली. पण परतीच्या बसमध्ये तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. माझ्या सगळ्या स्लाइड्समध्ये तिच्यासाठी उत्तर कुठेच नव्हतं. उलट शेवटच्या स्लाइडवर तिच्यावर एक आरोप मात्र होता.

*

आपल्या पिढीला सवयींचं फार वेड आहे. पाचला उठणाऱ्यांचे रील, पाणी प्यायची आठवण करणारं अ‍ॅप, ‘२१ दिवसांत आयुष्य बदला’. त्यात वाईट काही नाही. पण त्यामागे एक गोष्ट आपण न तपासता धरून चालतो. चांगल्या सवयी असलेला माणूस आपल्याला नुसता निरोगी वाटत नाही, चांगला वाटतो. जो लवकर उठतो तो शिस्तीचा, जी रोज कॅन्टीनचा समोसा खाते ती स्वतःकडे दुर्लक्ष करणारी. तब्येतीचं प्रगतिपुस्तक हळूच चारित्र्याचं प्रगतिपुस्तक होऊन बसतं.

म्हणून हा प्रश्न आरोग्याचा जेवढा आहे तेवढाच नीतीचाही आहे. आपल्या सवयींचं श्रेय आपल्याला मिळावं का? आणि दोष?

मराठी याबाबत काय म्हणते ते बघा. आपल्याकडे भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, आणि सवयही लागते. ‘मी सवय केली’ असं सहसा कुणी म्हणत नाही. ‘मला सवय लागली’ म्हणतात. जणू माणूस आपल्या वाटेने चालला होता आणि कुठून तरी येऊन ती त्याला लागली. ‘सवय लावून घेणं’ हाही प्रयोग आहे, पण त्यातलं ‘घेणं’ काढलं की उरतं ‘सवय लावणं’, आणि लावणारा दुसराच कुणीतरी असतो. बहुतेक वेळा आई. ‘वळण’ हा शब्दही तसाच. रस्त्याला वळण असतं आणि मुलालाही वळण लागतं. रस्ता वळतो तिथे चालणाऱ्याला वळावंच लागतं. चालतो तोच, पण कुठे वळायचं ते रस्त्याने ठरवलेलं असतं.

भाषा म्हणते म्हणून ते खरंच असतं असं नाही. पण या बाबतीत ती फारशी चुकलेली दिसत नाही.

*

१९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने एक अभ्यास प्रसिद्ध केला. लंडनच्या डबलडेकर बसवर काम करणारी माणसं त्याने बघितली. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसवर, एकाच कंपनीत, साधारण एकाच आर्थिक थरातले. पण ड्रायव्हरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण जास्त निघालं. फरक काय होता? ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत. कंडक्टर काही व्यायामाची सवय लावून घेतलेला माणूस नव्हता. तिकीट फाडायला वर जावं लागायचं, एवढंच. त्याची तब्येत त्याच्या निग्रहाने नाही, बसच्या जिन्याने राखली होती. आपल्याकडे बेस्टच्या जुन्या लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, तेव्हा आपण सगळे हळवे झालो; पण तो जिना कंडक्टरसाठी काय करत असेल, हे कुणाच्या मनात आलं नसेल.

पण मॉरिस तिथे थांबला नाही, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तीन वर्षांनी त्याने या लोकांच्या गणवेशांची मापं तपासली. तेव्हा दिसलं, की तरुण वयातसुद्धा ड्रायव्हरांच्या पँटचा कमरेचा घेर कंडक्टरांपेक्षा जास्त होता. म्हणजे सगळं काही जिन्याने केलेलं नव्हतं. कोण ड्रायव्हर होतो आणि कोण कंडक्टर, यातही आधीपासूनचा काही फरक होता. माणूस कामावर येतानाच काहीतरी बरोबर घेऊन आलेला असतो.

कॉलेजचंही तसंच आहे. सतरा-अठराव्या वर्षी एफवायला आलेला विद्यार्थी कोरी पाटी नसतो. त्याची झोप, त्याची भूक, त्याचं पाणी, सगळं आधीच कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी गल्लीत शिवून झालेलं असतं. आपण त्याला गेटवर गाठतो आणि विचारतो, तू असा का?

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येचा एक अध्याय आहे. ब्राह्म मुहूर्तावर उठावं हा सल्ला तिथे अगदी सुरुवातीला येतो. आपण तो सगळ्यांना ऐकवतो. पण मूळ ग्रंथात तो ‘स्वस्थ’ माणसाला उद्देशून दिला आहे. जो आधीच ठीक आहे, त्याने लवकर उठावं. रात्री दोनला शिफ्ट संपवून आलेल्याने काय करावं, हा तिथला विषयच नाही. आजचे पाचला उठायला सांगणारे लोक हा एक शब्द विसरतात. मीही विसरलो होतो.

*

ट्रॉम्बे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हार्बर लाइनवर मानखुर्दला उतरायचं आणि बस किंवा शेअर रिक्षाने सायन-ट्रॉम्बे रोडच्या टोकाला यायचं. रस्ता संपतो तिथे कोळीवाडा, जेट्टी, खाडी आणि खारफुटी. टेकडीच्या पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र. १९५४ साली इथे अणुऊर्जेची संस्था उभी राहिली, १९६७ मध्ये तिला होमी भाभांचं नाव मिळालं. तिथे काम करणाऱ्यांची वसाहत म्हणजे अणुशक्तीनगर. झाडं, रुंद रस्ते, मैदानं, स्वतःचं हॉस्पिटल. आणि गेट.

थोडं पुढे चिता कॅम्प. ही वस्ती अशीच कधीतरी वाढत गेलेली नाही. इथल्या लोकांची आधीची वस्ती होती जनता कॉलनी. ती जागा अणुऊर्जेच्या लोकांना हवी होती. वस्तीतले लोक कोर्टात गेले, जोकिन अर्पुथम या तरुण कार्यकर्त्याने हा लढा दिल्लीपर्यंत नेला. शेवटी आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, सुमारे ७०,००० माणसांना तिथून उठवून खाडीजवळच्या दलदलीच्या जमिनीवर आणून बसवलं. तोच हा चिता कॅम्प.

आणि मानखुर्दच्या वरच्या अंगाला देवनारचं डम्पिंग ग्राउंड. मुंबईचा कचरा १९२७ पासून तिथे पडतोय. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली तेव्हा धूर उपग्रहाच्या फोटोंतही दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा माझं धावणं नुकतं अंगवळणी पडत होतं. पहिल्या दिवशी मी हट्टाने गेलो. घशात जळकं प्लास्टिक घेऊन परत आलो आणि आठवडाभर गेलो नाही. त्या आठवड्यात धावणं हीच वाईट सवय होती.

आता दोन मुलं डोळ्यांसमोर आणा. दोघं अठरा वर्षांची. एक गेटच्या आत राहतो. संध्याकाळी मित्र हाक मारतात म्हणून खाली उतरतो, तासभर फुटबॉल खेळतो, दमून जेवतो, झोपतो. दुसरा गेटच्या बाहेर राहतो. त्याच्या खोलीत पाच माणसं झोपतात आणि शेवटचा माणूस साडेबाराला कामावरून येतो, तोपर्यंत दिवा चालू. तो मोबाइल बघत पडून राहतो, कारण त्या खोलीत त्याची स्वतःची म्हणावी अशी जागा फक्त त्या स्क्रीनमध्ये आहे. सकाळी उशिरा उठतो, धावत निघतो, स्टेशनबाहेर वडापाव खातो. पहिल्याला आपण म्हणतो, चांगल्या सवयी आहेत. दुसऱ्याला म्हणतो, काही शिस्त नाही.

आतल्या मुलाचा यात काही गुन्हा नाही. त्याचे आईवडील कष्टानेच तिथे पोचले असतील. आत राहून दिवसभर गेम खेळणारेही असतील. पण फुटबॉल खेळण्यासाठी त्याला काही ठरवावं लागलं नाही. दुसऱ्याला तेच करायचं तर रोज नव्याने ठरवावं लागेल, आणि रोज ठरवून करावी लागणारी गोष्ट सवय होत नाही.

*

२१ दिवसांची गोष्ट कुठून आली माहीत आहे? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा एक प्लास्टिक सर्जन होता. ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटना किमान २१ दिवस लागतात, असं निरीक्षण त्याने १९६० च्या आपल्या पुस्तकात मांडलं. पुढे लोकांनी त्यातलं ‘किमान’ गाळलं आणि चेहऱ्याच्या जागी सगळं आयुष्य घातलं.

फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांना घेऊन हे प्रत्यक्ष तपासलं. प्रत्येकाने खाणं, पिणं किंवा व्यायाम यांपैकी एक साधी गोष्ट निवडली आणि ती रोज केली. ती आपोआप व्हायला लागायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला हिशेबाने २५४. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही दिसलं. हे ऐकून बरं वाटतं. पण त्या प्रयोगाची एक अट होती. ती गोष्ट रोज त्याच प्रसंगाला जोडून करायची. नाश्त्यानंतर, जेवणाआधी, असं काहीतरी ठरलेलं.

म्हणजे सवय लागायला आधी दिवसाला आकार लागतो. ज्याची मॉलमधली पार्टटाइम शिफ्ट दर आठवड्याला बदलते, ज्याचा नाश्ता कधी असतो कधी नसतो, त्याने सवय कशाला बांधायची? खुंटीच नसेल तर शर्ट टांगणार कुठे?

दुसरा एक प्रयोग तुम्ही ऐकला असेल, मार्शमेलोचा. लहान मुलापुढे मिठाई ठेवायची आणि सांगायचं, थांबलास तर दोन मिळतील. वॉल्टर मिशेलचा हा प्रयोग संयमाचं उदाहरण म्हणून वर्षानुवर्षं सांगितला गेला. २०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्यात एक छोटा बदल केला. मिठाईच्या आधी मुलांना चांगले रंग आणून देतो असं सांगितलं. काही मुलांना ते खरंच आणून दिले, काहींना ‘सॉरी, नाहीयेत’ म्हणून सांगितलं. मग मिठाई ठेवली. ज्यांना रंग मिळाले होते ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती तीन मिनिटं. मुलं २८च होती, प्रयोग छोटा आहे. पण तो वाचल्यावर मला आमची गल्ली आठवली. दिलेला शब्द पाळला जात नाही हे कळल्यावर हातातलं खाऊन टाकणं हा दुबळेपणा नाही, तो हिशेब आहे.

२०१६ च्या नोव्हेंबरात विद्यापीठ अनुदान आयोगाने कॉलेजांना कळवलं की कॅम्पसवर जंक फूड विकू नका. हेतू चांगला होता. पण कॅन्टीनमधून समोसा हटवता येतो, सहाला घर सोडलेल्या मुलीची अकराची भूक हटवता येत नाही. तिच्या ऐपतीतलं आणि चालताचालता खाता येईल असं जे गेटबाहेर मिळतं, ते ती खाणार.

*

इथपर्यंत आल्यावर एक मोह होतो. म्हणावंसं वाटतं, सगळं परिस्थितीच करते, माणसाच्या हातात काही नाही. मलाही बसमध्ये काही वेळ तसंच वाटलं. पण हे म्हणणं मला पटत नाही, आणि ते दयाळू वाटलं तरी तसं नाही.

एक तर आमच्याच गल्लीत, तशाच खोलीत राहून रोज जोर-बैठका मारणारे लोक आहेत. त्यांना ‘अपवाद’ म्हणून बाजूला काढणं म्हणजे त्यांनी जे केलं ते पुसणं. जनता कॉलनीतली माणसंही नुसती उचलून ठेवलेली नव्हती. ती वर्षानुवर्षं लढली. अर्पुथम यांना पुढे २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो ‘परिस्थितीच अशी’ म्हणून घरी बसल्याबद्दल नाही.

दुसरं म्हणजे त्या मुलीचा प्रश्न नीट ऐका. रोज नऊ तास, तहान लागली तरी, उन्हाळ्यातसुद्धा, पाणी प्यायचं नाही. ही सवयच आहे. एक दिवस न चुकता पाळलेली. माझ्या धावण्याला जेवढा निग्रह लागतो त्याच्या कितीतरी पट तिला लागत असेल. मी तिला जाऊन शिस्त शिकवत होतो! शिस्त तिच्याकडे भरपूर होती. फक्त ती तिच्या शरीराच्या विरोधात कामाला लागली होती, कारण दुसरीकडे वळायला रस्ता नव्हता. पाणी कमी पिणं आणि लघवी तासन्‌तास रोखणं यातून मूत्रमार्गाचे संसर्ग होतात हे कुठलाही डॉक्टर सांगेल. तिलाही ते माहीत असणार.

तेव्हा इच्छाशक्ती खोटी नाही. ती गरिबाकडे कमी आणि श्रीमंताकडे जास्त असंही नाही. प्रश्न एवढाच, की कुणाची इच्छाशक्ती स्वतःला घडवण्यात खर्च होते आणि कुणाची नुसती दिवस ढकलण्यात.

*

आता माझ्या धावण्याबद्दल. हे मी त्या कॉलेजात सांगितलं नाही, कारण तोवर मला ते माहीतच नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण त्याकडे बघितलं नव्हतं.

आमच्या गल्लीत तेव्हा पाणी पहाटे पावणेपाचला यायचं आणि तासाभरात जायचं. पिंप, हंडे, कळशा, बादल्या, सगळं त्या तासात भरायचं. आई पाचला डबे करायला लागायची, बाबा नाइट करून आलेले असायचे. पाणी भरायचं काम आम्हा दोघांचं, माझं आणि ताईचं. एक दिवस ती, एक दिवस मी.

एफवायला असताना मी धावायला लागलो. पहाटे पाच ही एकच वेळ अशी होती की रस्त्यावर ट्रक कमी आणि हवा त्यातल्या त्यात बरी. जेट्टीकडून निघायचं, अणुशक्तीनगरच्या कुंपणापर्यंत जायचं आणि परत. पहिले काही आठवडे मी एक दिवसाआड गेलो. मग एकदा ताई म्हणाली, “जा तू, मी भरते.” मी गेलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. त्यानंतर पाण्याचा नंबर कायमचा तिचाच झाला. कुणी ठरवलं नाही. तीही एक सवय लागली, घरालाच.

ताई तेव्हा टीवायला होती. रात्री सगळे झोपल्यावर तिला अभ्यासाला बसता यायचं. एक-दीडला झोपायची आणि साडेचारला उठायची. त्या वर्षी तिला दोन विषयांत केटी लागली. घरात सगळ्यांनी कारण शोधलं : लेक्चरला पेंगते, मोबाइल फार बघते, लक्ष नाही. आणि समोरच उदाहरण होतंच. धाकटा बघ, पहाटे उठून धावायला जातो.

माझी शिस्त आणि तिची बेशिस्त एकाच नळाखाली भरली जात होती, हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

डॉ. आंबेडकरांच्या शाळेच्या दिवसांतली एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. परळच्या चाळीत एकच खोली, घर माणसांनी आणि सामानाने भरलेलं. त्यांचे वडील, सुभेदार रामजी, त्यांना लवकर झोपायला लावायचे, रात्री दोनला उठवायचे आणि मग स्वतः झोपायचे. खोली शांत असताना मुलाने अभ्यास करायचा. ही गोष्ट आपण बाबासाहेबांच्या जिद्दीची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण त्यात दोनपर्यंत जागा राहिलेला एक म्हातारा माणूसही आहे. जिथे मुलाच्या सवयीला खुंटी नव्हती तिथे तो स्वतः खुंटी झाला. तिथे बापाला ठाऊक होतं तो काय करतोय आणि मुलगा ते कधी विसरला नाही. आमच्या घरात मला ते कळायला अकरा वर्षं आणि एका अनोळखी मुलीचा प्रश्न लागला.

*

मग उत्तर काय? श्रेय कुणाचं, दोष कुणाचा?

अ‍ॅरिस्टॉटल म्हणायचा की सद्‌गुण सवयीने येतो. न्यायाने वागत वागतच माणूस न्यायी होतो. त्याने तर सांगून टाकलंय की नीतीसाठीचा ग्रीक शब्दच सवयीच्या शब्दावरून आला. सवयीच्या पुस्तकांत त्याचा हा विचार आवडीने सांगितला जातो. पण त्याचा नीतिशास्त्राचा ग्रंथ संपतो कुठे, ते फारसं सांगितलं जात नाही. शेवटी तो कायदे आणि राज्यकारभाराकडे वळतो. नुसत्या उपदेशाने बहुतेक लोक चांगले होत नाहीत, चांगलं वळण लागेल असं शहर आधी हवं, अशा ठिकाणी तो येतो. म्हणजे सवयीबद्दल प्रामाणिकपणे विचार करत गेलं की माणूस नगरपालिकेच्या दारात पोचतोच.

मुंबईत काही बायका तशा पोचल्या. चेंबूरची ‘कोरो’ ही संस्था आणि तिच्याबरोबरच्या अनेक संघटनांनी २०११ मध्ये ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हे का, असा साधा प्रश्न त्यांनी विचारला. स्वच्छ, सुरक्षित आणि मोफत सोय मागितली. मी त्याबद्दल तेव्हा वाचलं होतं आणि बायकांचा प्रश्न म्हणून सोडून दिलं होतं. ‘पाणी भरपूर प्या’ ही स्लाइड करताना त्या मोहिमेची आठवणही झाली नाही. खरं तर माझ्या स्लाइडचं काम त्या बायका माझ्याआधी करत होत्या.

माझ्यापुरतं मी एवढंच ठरवलंय. माझ्या चांगल्या सवयीचा मला अभिमान वाटू नये. फार तर आनंद वाटावा. त्यात माझा वाटा आहे, पण तो किती हे मला एकट्याला सांगता येणार नाही. आणि दुसऱ्याची वाईट सवय दिसली तर ‘हा असा का’ याच्या आधी ‘याचा दिवस कसा’ हे विचारावं.

पण एक जबाबदारी मात्र पूर्ण माझी आहे. आपण परिस्थितीबद्दल बोलतो तेव्हा ती जणू हवेसारखी बाहेर कुठेतरी असते. ती बरीचशी माणसांची बनलेली असते. त्या वर्षी ताईची परिस्थिती कोण होतं? मी होतो. मी माझी परिस्थिती निवडली नसेल, पण दुसऱ्याची परिस्थिती होणं मला टाळता येत नाही, आणि कशी व्हायची हे थोडंफार माझ्या हातात असतं. खोलीतला दिवा मी किती वाजता बंद करतो. ग्रुपवर रात्री दीडला कोण मेसेज टाकत राहतं. घरात भांडी कोण घासतं आणि त्या वेळात जिमला कोण जातं. कॉलेजातल्या मुलींच्या टॉयलेटला कडी नसेल, तर तो मुलांचा विषय का नाही.

मित्राने नंतर कळवलं, की त्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी प्राचार्यांना अर्ज दिलाय. कडी, पाणी, कचऱ्याचा डबा, अशा साध्या मागण्या. अजून काही झालेलं नाही. त्या अर्जावर काही मुलांनीही सह्या केल्यात, असंही त्याने सांगितलं. पीपीटीतली शेवटची स्लाइड मी काढून टाकली आहे.

परवा ताईला फोन केला. ती आता पनवेलला असते. केटी तिने पुढच्याच खेपेला काढली, नोकरी केली, लग्न केलं, एक मुलगी आहे. मी जरा अडखळतच म्हटलं, “ताई, त्या वर्षी तू पाणी भरायचीस म्हणून मी धावायला लागलो ना?”

ती हसली. “आत्ता कळलं होय रे तुला?”

मग थोडा वेळ थांबून म्हणाली, “पाण्याचा राग नव्हता आला मला. कुणीतरी भरायचंच होतं. आई सगळ्यांना सांगत सुटायची ना, याला बघा किती शिस्त आहे, त्याचा यायचा.”

मी विचारलं, आता किती वाजता उठतेस.

“नळाला दिवसभर पाणी असतं इथे,” ती म्हणाली. “रविवारी मी साडेआठपर्यंत झोपते. तेवढी एक चांगली सवय लावून घेतलीये. पोरीचे बाबा उठतात तिच्यासाठी.”